मीठ काढणारी मुलगी

ओल्या निळ्या रंगावर ती चिमटीनं जाड मीठ भुरभुरते आणि दोन्ही हात मागे घेते. "आता हे सुकेपर्यंत हात लावायचा नाही, ताई." कागद ३०० जीएसएमचा आहे, चारही बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावून लाकडी बोर्डावर ताणून बसवलेला. मिठाचा खडा भोवतालचं पाणी ओढून घेतो आणि त्याच्याभोवती एक फिकट चांदणी उमटते. मग शेजारी दुसरी, मग सगळ्या निळ्या पट्ट्यावर चांदण्याच चांदण्या. पंखा बंद आहे, कारण वाऱ्यानं मीठ सरकतं. हेअर ड्रायर त्याच कारणासाठी खणात पडून आहे. श्रावणातल्या दमट हवेत एवढासा कागद सुकायला तास-दीड तास तरी घेणार. तोवर आम्ही दोघी टेबलापाशी घाम पुसत बसलो आहोत.

मीठ भाईंदरचं आहे. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, ती वही घेऊन मिठागरांवर जात होती तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या कामगारानं तिला पिशवीभर दिलेलं. टेबलावर जे चित्र सुकतंय ते त्याच मिठागराचं. मुलांसाठीचं हे चित्रपुस्तक आम्ही दोघी मिळून करतो आहोत. मजकूर माझा, चित्रं तिची. गोष्ट एका आगरी मुलीची आहे, जिचे आजोबा मिठागरावर राबतात. माझे शब्द सगळे मिळून दोन पानांत मावतील. तिची चित्रं बत्तीस पानं व्यापून आहेत. तिचं काम प्रत्यक्ष पाहावं म्हणून मी आज सकाळच्या गाडीनं मीरा रोडला आले आहे.

मीरा रोड पूर्व, शांतीनगर. जुनी चार मजली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मीरा रोडची बहुतेक सगळी वस्ती पूर्वेलाच. रुळांच्या पश्चिमेला तिवरं, खाजण आणि मिठागरं. चर्चगेटहून येताना मीरा रोड सोडून गाडी भाईंदरकडे निघाली की डाव्या हाताच्या खिडकीतून ती पांढरी-करडी चौकोनी जमीन दिसते. लाखो माणसं रोज तिच्या शेजारून जातात. माझी चित्रकार मात्र एक दिवस त्या जमिनीवर उतरली.

वन बीएचकेचा हॉल हाच तिचा स्टुडिओ. खिडकीला लागून मोठं टेबल, टेबलावर लाइट बॉक्स, जुना स्कॅनर, चित्रं काढायचा टॅब्लेट, कॅम्लिनच्या पिळून चपट्या झालेल्या ट्यूब आणि श्रीखंडाच्या डब्यांत पाणी. समोरच्या भिंतीवर दोरी ताणली आहे आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तिच्यावर पुस्तकाची सगळी पानं टांगली आहेत. काही पानं रंगवून झालेली, काही नुसत्या पेन्सिलीत, काही फक्त आगपेटीएवढ्या चौकोनात. हे आगपेटीएवढे चौकोन आधी. त्यांत चेहरे नसतात, नुसते डाग असतात: अंधार कुठे, उजेड कुठे, मुलगी डावीकडे की उजवीकडे. सगळं पुस्तक या चौकोनांत पटल्याशिवाय ती मोठ्या कागदाला हात लावत नाही.

"हे बघा," ती एका जोडपानावर बोट ठेवते. "इथे तुम्ही लिहिलंय, आजोबांनी नातीला हाक मारली. आधी मी मुलगी मधोमध काढली होती. पण पुस्तक शिवलं की मधली घडी तिच्या नाकावरून जाते. म्हणून तिला इकडे सरकवलं आणि मधे नुसतं पाणी ठेवलं. आता हाक त्या पाण्यावरून जाते." मी ते वाक्य कागदावर लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात पाणी नव्हतं. आता ते वाक्य मला पाण्याशिवाय दिसत नाही.

तिची मे महिन्यातली वही मी चाळते. माणसांपेक्षा पाय जास्त आहेत. खाऱ्या पाण्यात उभं राहून भेगाळलेल्या टाचा, बोटांमधली पांढरी चर, एका पायाला गुंडाळलेली चिंधी. मग लांब दांड्याचं लाकडी फावडं, तेच निरनिराळ्या कोनांतून. मग मिठागराचा नकाशा: भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात, तिथून ते एका उथळ खाचरातून दुसऱ्यात असं पुढं पुढं सरकवतात. उन्हानं पाणी आटत आणि दाट होत जातं आणि शेवटच्या चौकोनांत मिठाचे दाणे धरतात. प्रत्येक चौकोनापुढे तिनं पाण्याच्या रंगाचा एक फराटा मारून ठेवला आहे. पहिल्या तळ्याचा हिरवट, मधल्यांचा तपकिरी, शेवटच्याचा जवळजवळ गुलाबी. पानाच्या कोपऱ्यात लाल लांब पायांचे शेकाट्या पक्षी. यातलं काहीही मोबाइलवर शोधून मिळालं असतं. पण त्या फराट्यांच्या शेजारी तिनं वेळ लिहिली आहे आणि ऊन कुठून येत होतं ते लिहिलं आहे. म्हणूनच ती पानं खरी वाटतात.

फोन वाजतो. तिचे हात रंगानं भरलेले, म्हणून ती कोपरानं स्पीकर चालू करते. अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीतला माणूस, बोलणं हिंदीत. दिवाळीच्या भेटीच्या खोक्यासाठी एक चित्र हवंय. छोटंसंच आहे. बजेट जरा कमी आहे, पण एक्स्पोजर चांगलं मिळेल.

ती आवाज अजिबात चढवत नाही. एकामागून एक प्रश्न विचारते. खोके किती छापणार? चित्र फक्त खोक्यावर, की जाहिरातीत आणि इन्स्टाग्रामवरही? फक्त भारतात? किती काळासाठी? कोपऱ्यात नाव येणार का?

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणतो, "मॅडम, एकदा पैसे दिले की चित्र आमचंच ना?"

"नाही सर. चित्र माझंच राहील. तुम्ही ते वापरण्याची परवानगी विकत घ्याल. या दिवाळीपुरती हवी असेल तर एक रक्कम, तीन वर्षांची हवी असेल तर दुसरी. दोन्ही मेल करते. निम्मे पैसे आगाऊ, मग रफ."

फोन ठेवल्यावर ती सांगते की असे दहा फोन आले तर सात जण पुन्हा फोन करत नाहीत. "उरलेले तीन चांगले असतात, ताई. त्यांच्यावर वर्ष निघतं."

या एका फोनमध्ये तिच्या धंद्याचा सगळा गाभा आहे, आणि चित्रकलेच्या शाळांत तो मुलांच्या कानावर फारसा पडत नाही, म्हणून इथे जरा थांबून सांगते. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. चित्राचा हक्क मुळात चित्रकाराचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. पण त्याच कायद्यात एक वाट अशीही आहे की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेलं पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे तोंडी बोलण्यावर विसंबलेला चित्रकार आपल्याच चित्राला मुकू शकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. आणि सगळे हक्क विकून टाकले तरी हे काम माझं आहे असं सांगण्याचा हक्क चित्रकाराकडे उरतोच. तिच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद सरकवलेला आहे, त्यावर तिच्याच सुंदर अक्षरांत चार शब्द: कुठे, किती, कधीपर्यंत, नाव. प्रत्येक फोनला ती त्या कागदाकडे बघते.

आतून तिचे बाबा चहा घेऊन येतात. कप ठेवायच्या आधी ते सवयीनं टेबलावरचा कागद किती ओला आहे ते तिरक्या नजरेनं पाहतात आणि कप लांब, खुर्चीवर ठेवतात. उभं आयुष्य गिरगावात एका छापखान्यात गेलं. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि ऑफसेट आल्यावर मशीनवर गेले. गिरगावातली खोली सोडून हे कुटुंब मीरा रोडला आलं, जसं लालबाग-परळमधून, दादरमधून कितीतरी मराठी माणूस इकडे आला.

"मुखपृष्ठाचे ब्लॉक यायचे तेव्हा सगळे मशीन सोडून बघायला जमायचो," ते मला सांगतात. "पिवळा छापला, लाल छापला, निळा छापला, की चेहरा उभा राहायचा. एक रंग केसभर सरकला की बाईचे ओठ गालावर. अख्खा दिवस त्यातच जायचा." त्यांच्या मालकांच्या कपाटात दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या जुन्या दिवाळी अंकांची चळत होती. त्यातला एक अंक त्यांनी मागून घेतला. तो आज मुलीच्या टेबलावरच्या फळीवर, प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला आहे.

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही गोव्याचे. दोघांनीही मुंबईत येऊन चित्रांवर घर चालवलं आणि मराठी मध्यमवर्गाच्या डोळ्यांना वळण लावलं. दलालांचा जन्म १९१६ चा, मुळगावकरांचा १९१८ चा. त्यांच्या चित्रांबद्दल आपल्याकडे पुष्कळ प्रेमानं लिहिलं गेलंय. एका गोष्टीबद्दल मात्र कमी. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' काढला, मुळगावकरांनी स्वतःचा 'रत्नप्रभा'. दुसऱ्याच्या अंकाला चित्र द्यायचं आणि पाकीट घेऊन घरी यायचं एवढ्यावर ते थांबले नाहीत. अंकच आपला केला. छपाईचा खर्च, जाहिराती, विक्री, सगळं अंगावर घेतलं. माझ्या मते त्यांच्या कुंचल्याइतकंच हेही मोठं काम होतं. दिवाळी अंकाची परंपरा १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं सुरू केली. तिच्यात चित्रकार संपादकाच्या खुर्चीत बसू शकतो हे या दोघांनी दाखवलं.

शि. द. फडणीसांची वाट निराळी. १९५२ पासून 'मोहिनी'ची मुखपृष्ठं, एकाही शब्दाविना हसवणारी. गणितासारख्या विषयाच्या पाठ्यपुस्तकात त्यांची चित्रं आली आणि कितीतरी मुलांची गणिताची भीती त्या चित्रांनी कमी केली. जुलै २०२५ मध्ये त्यांनी शंभरी गाठली. वसंत सरवटे यांनी तर एसीसी सिमेंटमधली स्थापत्य अभियंत्याची नोकरी सांभाळून 'ललित'ची मुखपृष्ठं आणि पुस्तकांची चित्रं केली. आणि पुण्याच्या माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतःच चित्रं काढतात. मराठी घरातली मुलं, त्यांचे आईबाप, आजी-आजोबा जसे असतात तसेच त्यांच्या पुस्तकांत येतात. हे सगळं मी मोठ्यानं बोलते तेव्हा बाबा मान डोलावतात आणि ती गप्प असते. मग म्हणते, "मला पुरंदरेबाईंची पुस्तकं शाळेत असताना मिळाली असती, तर मी एजन्सीत एवढी वर्षं घालवली नसती."

ती लोअर परळच्या एका जाहिरात एजन्सीत होती. पगार चांगला, जाग्रणं पुष्कळ, आणि चित्राखाली नाव कधीच नाही. सोडताना तिनं दोन गोष्टी आधी केल्या. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकला, आणि एजन्सीत केलेल्या कामातलं एकही चित्र नसलेला नवा पोर्टफोलिओ तयार केला. त्यात फक्त तिला पुढे जे करायचं होतं तेच. मीरा रोडचं स्टेशन, शेअर रिक्षातली चौथी सीट, नया नगरच्या गल्लीत रमजानच्या संध्याकाळी तळली जाणारी भजी, भाईंदरच्या कोळणी. लोक जे बघतात तेच काम देतात, असं ती म्हणते, म्हणून नको असलेलं काम दाखवायचंच नाही.

चांदण्या आता ठळक झाल्या आहेत. ती बोटाच्या मागच्या बाजूनं कागदाचा कोपरा चाचपते. अजून थंड लागतोय, म्हणजे ओला आहे. ती कॉम्प्युटरकडे वळते. आमच्या पुस्तकाच्या संपादकांकडून मेल आली आहे, पानापानावर सूचना लिहिलेली पीडीएफ जोडून. बहुतेक सूचना रास्त आहेत. पाचव्या पानावर मजकुराला जागा कमी पडते. बाराव्या पानावर आजोबांच्या हातातलं फावडं मागच्या पानापेक्षा आखूड झालंय, हे खरंच आहे आणि आमच्या दोघींच्याही नजरेतून सुटलं होतं. ती लगेच वहीत टिपून ठेवते.

मग नववं पान. मुलीच्या चेहऱ्यापाशी पिवळा चौकोन: मुलगी थोडी उजळ करता येईल का? मुखपृष्ठावरही तीच आहे, पालकांना बरं वाटेल.

मला संताप येतो आणि मी तो बोलून दाखवते. ती मात्र खुर्ची मागे सरकवून दोरीवरच्या नवव्या पानापाशी जाते आणि बराच वेळ बघत उभी राहते. मग थाळीत बर्न्ट सिएना घेते, त्यात किंचित अल्ट्रामरीन, पाण्यानं थोडा सैल करते आणि रद्दी कागदावर फराटा मारते. हाच तो रंग. "हा मी तिथे बसून मिळवलाय," ती म्हणते. "ती सगळी मुलं अशीच आहेत. वरून ऊन, खालून मिठावरून उलटून येणारं ऊन. हिला उजळ केलं तर ती मिठागरावरची राहत नाही. आणि त्या वस्तीतल्या मुलीनं पुस्तक उघडलं तर तिला त्यात कोण दिसणार?"

ती उत्तर लिहायला बसते. पाचवं आणि बारावं पान दुरुस्त करून पाठवते, असं आधी. मग नवव्या पानाबद्दल तीन वाक्यं: मुलीचा रंग प्रत्यक्ष पाहून ठरवलेला आहे, तो गोष्टीचा भाग आहे, आणि तो बदलणार नाही. ती मला विचारते, "ताई, खाली तुमचंही नाव घालू?" मी हो म्हणते. मेल जाते.

हे पुस्तक परत जाऊ शकतं, हे आम्हा दोघींना माहीत आहे. आगाऊ मिळालेल्या पैशांतले तिच्या वाट्याचे मागच्या महिन्यात कागद आणि विजेच्या बिलात गेले. चित्रपुस्तकात लेखक आणि चित्रकार यांचा वाटा निम्मा-निम्मा असावा, असा आमचा करार आहे. तो तिनं मागितला नाही, मी मागितला. बत्तीस पानांचं काम करणाऱ्या माणसाला दोन पानं लिहिणाऱ्यापेक्षा कमी मिळावं याला माझ्या मते काहीच आधार नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून ती खणातून लांब वही काढते. शुक्रवारची सकाळ हिशोबाची, त्या दिवशी ब्रश हातात घ्यायचा नाही, असा तिचा नेम आहे. वहीत डावीकडे दर महिन्याला येणारे पैसे: चित्रकलेचे वर्ग, शाळेच्या वर्कबुकांसाठीची रेखाटनं. मधे अधूनमधून येणारे: जाहिरातपटांचे स्टोरीबोर्ड, लग्नपत्रिका, गणपतीत मंडळाच्या देखाव्याचा पडदा. मीरा रोड-काशीमिरा भागात मालिकांचे स्टुडिओ असल्यानं स्टोरीबोर्डची कामं चालत घरी येतात. उजवीकडे हळू येणारे: चित्रपुस्तकं. आणि सगळ्यांत खाली, दिवाळी अंक. रक्कम लहान, तरी दरवर्षी दोन अंक ती घेतेच. "तिथे मला कुणी ब्रीफ देत नाही ना. कथा देतात. कथा वाचून मला जे वाटेल ते काढायचं. वर्षातून दोनदा तरी तसं व्हायला हवं."

वहीतल्या काही ओळींना लाल रेघ आहे. ते न आलेले पैसे. तिनं उद्यम नोंदणी केली आहे, ती ऑनलाइन आणि फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत व्यावसायिकाचं बिल करारात लिहिलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. ती प्रत्येक बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि हे एक वाक्य छापते. "भांडायला जावं लागत नाही," ती सांगते. "नुसतं वाक्य असलं तरी अकाउंट्सवाले बिल वर ठेवतात." वर्षाअखेरीला कापलेला दहा टक्के टीडीएस परत मागायचा, तेही हीच वही करते. कला शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ही वही फळ्याशेजारी टांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलवर एक चित्र येतं. कुणीतरी संगणकाकडून करून घेतलेला गणपती, दागिन्यांनी मढलेला, झगझगीत. सोबत मजकूर: चित्र तयार आहे, फक्त हाताची बोटं नीट करून द्या, अर्ध्या तासाचं काम. हल्ली असे निरोप वाढले आहेत. मार्च २०२५ मध्ये जो तो आपले फोटो जपानी ॲनिमेशनसारखे करून लावत होता, तेव्हापासून जास्तच. ती उत्तर देते की बोटं नीट करणार नाही, पण गणपती हवा असेल तर हातानं काढून देईन, रफ परवा. मला ती सांगते की त्या चित्राची तिला भीती नाही. भीती आहे ती नव्या मुलांची. वर्कबुकातली लहान रेखाटनं, पत्रिकेवरची वेल, असल्या कामांवर नवा हात तयार होतो. तीच कामं आधी जाताहेत. मग पुढच्या माणसानं शिकायचं कुठे? याला माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडे आहे, आणि ते दुपारी चार वाजता जिन्यावरून धावत येतं.

त्याआधी मिठाचं चित्र सुकतं. ती तळहातानं खडे झाडते, सगळे एका वाटीत गोळा करते. कागदावर जे उरतं ते पाणी आहे, त्याच्या पोटात धरू लागलेलं मीठ आहे, आणि यातल्या एकाही दाण्याला ब्रश लागलेला नाही. बारीक ब्रशनं ती आता आजोबांची सावली घालते. हात टेकायला काठी, श्वास धरलेला, एकच रेघ पायापासून पाण्याच्या टोकापर्यंत. बाबा दारात उभे राहून बघतात. रेघ संपल्यावर तेच आधी श्वास सोडतात.

चार वाजता मुलं. आठवी-नववीची आठ-दहा, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी. टेबल बाजूला, सतरंजी अंथरलेली. मध्यभागी स्टीलचा तांब्या, दोन वांगी आणि घडी विसकटलेला टॉवेल. वस्तुचित्राचा सराव. या परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, म्हणून अनेक पालक मुलांना धाडतात. ती मुलांना गुणांबद्दल काही बोलत नाही. "तांब्या काढू नका," ती सांगते. "तांब्या आणि वांग्याच्या मधे जी रिकामी जागा आहे ना, तिचा आकार काढा." नया नगरमधला एक मुलगा लगेच ती जागा पकडतो. कागदावर आधी एक विचित्र तुकडा दिसतो, मग त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्या आणि वांगं आपोआप उभे राहतात. शेजारची मुलगी त्याच्या कागदात डोकावते आणि आपलं खोडून पुन्हा काढू लागते.

न्यायला आलेली त्या मुलाची आई दारात थांबते. मुलाला चित्रकलेतच पुढे जायचंय म्हणते. मग खालच्या आवाजात विचारते, "मॅडम, इसमें आगे क्या है? घर चलता है क्या?"

ती लांब वही काढते आणि त्या बाईंना खुर्चीवर बसवून दाखवते. डावीकडचे पैसे, मधले पैसे, उजवीकडचे हळू येणारे, आणि लाल रेघाही. काही लपवत नाही. दहावीनंतर फाउंडेशन कुठे करता येतं, बारावीनंतर जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकायची तर कुठली प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे कागदावर लिहून देते. "घर चलता है," ती म्हणते. "पर पहले साल नहीं. और लिखा-पढ़ी उसको मैं सिखाऊंगी, ड्रॉइंग के साथ।" बाई तो कागद पर्समध्ये ठेवतात. फी कमी करायची गोष्ट काढत नाहीत.

मी निघते तेव्हा सहा वाजून गेले आहेत. नवव्या पानाबद्दल संपादकांचं उत्तर आलेलं नाही. अंधेरीच्या कंपनीचं आलं आहे: एका दिवाळीपुरती परवानगी, निम्मे पैसे उद्या, कोपऱ्यात नाव. ती ते उत्तर छापून फाइलला लावते.

या महिन्या-दोन महिन्यांत दिवाळी अंक छपाईला जातील. अंक हातात आला की कथेच्या आधी चित्राखालचं नाव वाचा. नाव नसेल तर संपादकांना दोन ओळी लिहा, ते वाचकांचं ऐकतात. मुलांसाठी चित्रपुस्तक घ्याल तेव्हा मुखपृष्ठावर लेखकाइतक्याच मोठ्या अक्षरांत चित्रकाराचं नाव आहे का ते बघा. आणि तुमच्या सोसायटीत, तुमच्या नात्यात कुणी चित्रं काढून घर चालवत असेल, तर त्याच्याकडे काम घेऊन जाताना कुठे, किती आणि कधीपर्यंत हे आधी कागदावर लिहून न्या, आणि आगाऊ रकमेचा चेक सोबत ठेवा.